फुलावरच्या राळग्रंथी कशानं बिघडतात आणि कशानं टिकतात

प्रश्न थोडक्यात असा आहे. परवाना असलेल्या हरितगृहात औषधी कॅनाबिसचं (भांगेचं) पीक आहे. आधीच्या पिकांत फुलं पांढरट, चिकट आणि वासाला जोरकस यायची. या वेळी फुलोऱ्याच्या सहाव्या आठवड्यातच बऱ्याच राळग्रंथी, म्हणजे राळ बनवणाऱ्या बारीक ग्रंथी, तांबूस दिसतायत, काहींची डोकी चपटी झालीत, काही ठिकाणी नुसत्या दांड्या उरल्यात. काही झाडांवर तर ग्रंथी मुळातच विरळ आणि बारीक आहेत. दरम्यान जास्त ताकदीचे एलईडी दिवे बसवले, स्फुरद जास्त असलेलं ‘ब्लूम बूस्टर’ सुरू केलं, आणि आता शेवटचे दहा-बारा दिवस पाणी तोडून राळ वाढवावी असा विचार चाललाय. यातलं काय ग्रंथींच्या मुळावर आलंय?

आधी तातडीचं सांगतो: पाणी तोडू नका. बूस्टर बंद करा, त्यानं ग्रंथी बिघडल्या नसतील, पण सुधारणारही नाहीत. आणि दिव्यांची उंची आजच्या आज तपासा. बाकीचं कारणांसकट सविस्तर सांगतो, कारण या पिकात ‘राळ वाढवण्याचे’ उपाय इतके फिरतात की ग्रंथी म्हणजे नेमकं काय हे बाजूलाच राहतं. माझ्या इतक्या वर्षांच्या कामातून एक गोष्ट पक्की झाली आहे. किती राळ येणार याची कमाल मर्यादा वाणाच्या जनुकांत ठरलेली असते. परिस्थिती त्या मर्यादेच्या वर काही घालत नाही, ती फक्त कमी-जास्त प्रमाणात हिरावून घेते. आपलं काम हिरावलं जाणं थांबवायचं.

आता ग्रंथीची रचना बघू, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. कॅनाबिसच्या पृष्ठभागावर राळ बनवणाऱ्या ग्रंथी तीन प्रकारच्या असतात. एक अगदी बारीक, गाठीसारखी, साधारण १० ते ३० मायक्रॉनची. दुसरी पृष्ठभागाला चिकटून बसलेली, बिनदांडीची. तिसरी दांडीवर उभी असलेली, आणि हीच आपल्या कामाची. हिचं डोकं साधारण ५० ते १०० मायक्रॉन किंवा थोडं जास्त, आणि खाली काहीशे मायक्रॉनपर्यंत लांब दांडी. फुलोऱ्यात बीजांडकोशाला कवेत घेणारी जी छोटी पानं असतात, म्हणजे छद, त्यांच्यावर ही सर्वांत दाट येते. डोक्याच्या तळाशी स्रावी पेशींची एक चकती असते. पानांवरच्या बिनदांडीच्या ग्रंथीत या पेशी साधारण ८ असतात, दांडीवाल्या ग्रंथीत १२ ते १६. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की फुलावरच्या दांडीवाल्या ग्रंथी आधी बिनदांडीच्या दिसतात आणि मग वाढत वर उचलल्या जातात.

राळ या पेशींच्या आत साठत नाही. पेशींच्या वर आणि बाहेरच्या पातळ आवरणाच्या खाली एक पोकळी तयार होते, आणि राळ तिथं जमते. याला कारण आहे. राळेतलं टीएचसी-आम्ल (तापवल्यावर यातूनच नशा आणणारं टीएचसी बनतं) हे झाडाच्या स्वतःच्या पेशींनाही विषारी ठरतं. ते घडवणारं शेवटचं विकरसुद्धा (एन्झाइमसुद्धा) पेशी बाहेर सोडतात आणि शेवटची अभिक्रिया पोकळीत होते. तिला ऑक्सिजन लागतो आणि तिच्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं, म्हणजे एक तिखट रसायन. हे सगळं सुरक्षित राहतं ते केवळ त्या पातळ आवरणाच्या भरवशावर. आवरण फाटलं, की सुगंधी तेलं उडून जातात आणि उरलेली राळ हवेनं तांबूस होते. पिकलेल्या ग्रंथीचं डोकं तुटलं तर त्याच दांडीवर नवं डोकं येत नाही. नव्या ग्रंथी नव्या, वाढत्या उतींवरच येतात.

यातून निघणारा व्यावहारिक अर्थ असा: ग्रंथींची संख्या आणि आकार छद वाढत असताना ठरतात, म्हणजे फुलोऱ्याच्या पहिल्या तीन-चार आठवड्यांत. शेवटच्या पंधरवड्यात तुम्ही जे करता त्यानं ग्रंथी भरतील, पिकतील किंवा मरतील, पण संख्येत फारसा फरक पडणार नाही. शेवटच्या आठवड्यात काहीतरी जालीम करून राळ ‘फुलवण्याचे’ उपाय इथंच गळतात.

तरीही ताणाची कल्पना इतकी का टिकली? राळ हे झाडाचं उन्हापासूनचं कवच आहे, म्हणून झाडाला जितका त्रास तितकी राळ जास्त, असा तो तर्क आहे. त्याला एक आधारही होता. १९८७ च्या एका प्रयोगात अतिनील-बी किरणांचा डोस वाढवल्यावर टीएचसी-प्रधान झाडांच्या फुलांत टीएचसी वाढलेलं आढळलं. तो प्रयोग प्रामाणिक होता, पण त्या काळची झाडं आजच्या वाणांच्या मानानं फार कमी टीएचसीची होती. २०२१ मध्ये आधुनिक वाणांवर बंदिस्त जागेत अतिनील-बी देऊन पाहिलं, तेव्हा उत्पादनही वाढलं नाही आणि कॅनाबिनॉइडचं, म्हणजे टीएचसी, सीबीडीसारख्या घटकांचं, प्रमाणही नाही. पानांवर इजेच्या खुणा मात्र दिसल्या. अतिनील दिव्यांवर पैसे घालवू नका असं मी म्हणतो ते यामुळे. शिवाय ते किरण काम करणाऱ्यांच्या डोळ्यांना आणि कातडीला घातक असतात, ही गोष्ट खरेदी करताना कुणी बोलत नाही.

दृश्य प्रकाशाचं गणित वेगळं आहे आणि ते तुमच्या बाजूनं आहे. २०२१ च्याच दुसऱ्या एका अभ्यासात प्रकाशाची तीव्रता १,८०० मायक्रोमोल प्रति चौरस मीटर प्रति सेकंद इतकी वाढवत नेली, तरी फुलांचं वजन जवळपास सरळ रेषेत वाढत राहिलं. पण कॅनाबिनॉइडचं टक्केवारीतलं प्रमाण जागचं हललं नाही. म्हणजे जास्त प्रकाशात जास्त फूल मिळतं, प्रत्येक ग्रॅम फुलात जास्त राळ मिळत नाही. एकूण राळ वाढते कारण फूल वाढतं. तुम्ही दिवे बदललेत ते चुकीचं नव्हतं. मला शंका आहे ती प्रकाशाबरोबर आलेल्या उष्णतेची.

इथं थोडं थांबतो, कारण हरितगृहात सर्वांत जास्त ग्रंथी उष्णतेनंच जातात आणि ती मोजली जाते चुकीच्या ठिकाणी. भिंतीवरचा किंवा खोलीच्या मधोमध टांगलेला तापमापक हवेचं तापमान सांगतो. ग्रंथी मात्र फुलाच्या शेंड्याच्या पृष्ठभागावर असते, दिव्याच्या सर्वांत जवळ. पान बाष्पोत्सर्जनानं स्वतःला थंड ठेवतं. दाट, जाड फुलोऱ्यात हवा कमी खेळते आणि छदांतून पाणी पानाइतकं बाहेर पडत नाही, म्हणून वर लागलेलं फूल आसपासच्या पानांपेक्षा जास्त तापू शकतं. जुन्या सोडियम दिव्यांचा ताप अंगाला जाणवायचा, त्यामुळे माणसं ते आपोआप वर ठेवायची. एलईडीखाली हात धरला तर तेवढा चटका बसत नाही, आणि मग दिवा खाली येत जातो. बिनस्पर्शाचा इन्फ्रारेड तापमापक घ्या आणि भर दुपारी, सगळे दिवे चालू असताना, शेंड्याच्या फुलावर, मधल्या फुलावर आणि सावलीतल्या फुलावर धरून पाहा. या तीन आकड्यांत तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर मिळेल.

कॅनाबिसच्या पानाचं प्रकाशसंश्लेषण ३० अंश सेल्सिअसच्या आसपास जोरात चालतं, हे प्रयोगांत दिसलेलं आहे. म्हणून वाढीच्या काळात २८-३० अंशांना मी घाबरत नाही. फुलोऱ्याच्या उत्तरार्धात मात्र हिशेब बदलतो. तेव्हा पानाच्या वेगापेक्षा साठलेला माल टिकवणं महत्त्वाचं असतं. मायरसीन, लिमोनीन, पायनीन हे हलके टर्पीन, म्हणजे सुगंधी तेलांतले घटक, खोलीच्या तापमानालाही सावकाश उडत असतात, तापमान वाढलं की वेग वाढतो. कॅरियोफिलीन, ह्युमुलीनसारखे जड टर्पीन जास्त टिकतात. म्हणूनच गरम खोलीत पिकलेल्या फुलाचा वास सपाट येतो: वरचा, ताजा भाग निघून गेलेला आणि मागचा मसालेदार भाग उरलेला. खोलीत शिरताच घमघमाट आला की पुष्कळजण खूश होतात. मी अस्वस्थ होतो, कारण जो वास हवेत आहे तो फुलात उरलेला नाही. शेवटच्या तीन आठवड्यांत दिवसा हवा २४ ते २६ आणि रात्री १८ ते २० अंशांच्या आसपास ठेवायला मी सांगतो. शेंड्याचं फूल हवेपेक्षा दोन-तीन अंशांहून जास्त तापत असेल तर दिवा वर घ्यायचा किंवा त्याची ताकद कमी करायची.

तुमच्या वर्णनात एक गोष्ट नाही, आणि तीच मला सर्वांत आधी हवी आहे: तांबूस, चपट्या ग्रंथी नेमक्या कुठं आहेत? ६० पट मोठं दाखवणारं भिंग घ्या आणि हरितगृहाचा कागदावर नकाशा काढा. नुकसान फक्त दिव्याकडे तोंड केलेल्या बाजूला असेल आणि त्याच फुलाची खालची बाजू स्वच्छ असेल, तर कारण उष्णता किंवा अति तीव्र प्रकाश. त्याच्या जोडीला शेंड्यांवर पांढुरका फिकटपणा किंवा फुलातून नवी लांब टोकं निघताना दिसली तर शंकाच नको. नुकसान पंख्यासमोरच्या ओळीत असेल तर पानं फुलांवर घासतायत. ये-जा करायच्या वाटेच्या कडेनं असेल तर माणसांचे खांदे, हात आणि गाड्या. ठिगळासारखं एका जागी सुरू होऊन पसरत असेल तर कोळी ही कीड. आणि इकडेतिकडे विखुरलेली काही झाडंच वाईट, शेजारची चांगली, आणि ती वाईट झाडं एकाच मातृरोपाची कलमं, असं निघालं तर वातावरणाला दोष देणं सोडा. त्याकडे शेवटी येतो.

घासण्याबद्दल मी जरा हट्टानं बोलतो, कारण याकडे दुर्लक्ष होतं. ग्रंथी पिकत आली की डोकं आणि दांडी यांच्यामधली मान कमकुवत होते, हलक्या स्पर्शानंही डोकं निखळतं. भिंगाखाली नुसत्या दांड्या दिसतायत असं तुम्ही लिहिलं आहे. उष्णतेनं डोकं सहसा सुरकुततं आणि तांबूस पडतं, ते नाहीसं होत नाही. नुसती दांडी म्हणजे कशानं तरी डोकं घासून नेलं. आडवे वाहणारे पंखे फुलांवर सरळ रोखू नका, फुलांच्या वरून आणि खालून हवा फिरू द्या. फांद्यांना जाळीचा आधार लवकर द्या. फुलोऱ्याच्या उत्तरार्धात पानं काढायची असतील तर ती फुलोऱ्याला हात न लावता देठाकडून काढा. पाहणीसाठी येणाऱ्या प्रत्येकानं फूल चिमटीत धरून वास घेणं बंद करा. एका चिमटीत शेकडो ग्रंथी बोटाला येतात.

आर्द्रतेबद्दल. हवा कोरडी ठेवली की झाड पाणी वाचवण्यासाठी राळ सोडतं असं सांगितलं जातं, त्यावर मी कुठलाही निर्णय घेत नाही. आर्द्रता उतरवण्याचं खरं कारण करडी बुरशी. बोट्रायटिसचे बीजाणू रुजायला पाण्याचा थर किंवा जवळजवळ संपृक्त हवा लागते, आणि दाट फुलोऱ्याच्या आत ती परिस्थिती बाहेरच्या मापकावर ६० टक्के दिसत असतानाही तयार होऊ शकते. विशेषतः दिवे बंद झाल्यानंतरच्या पहिल्या तासात, जेव्हा तापमान झपकन उतरतं आणि हवेतली वाफ फुलावर बसते. म्हणून रात्रीचं तापमान एकदम पाडू नका, हळूहळू उतरवा, आणि त्या वेळात वायुवीजन चालू ठेवा. फुलोऱ्याच्या शेवटी ४५ ते ५५ टक्के ही माझी नेहमीची पट्टी. त्याहून फार खाली गेलात आणि तापमान चढं असेल, तर झाडाची पाण्याची ओढ वाढून पानकडा करपतात, आणि तुम्हाला हवं ते काहीच मिळत नाही.

आता पाणी तोडण्याचा मुद्दा, कारण त्यामागे खरा अभ्यास आहे आणि तो अर्धवट सांगितला जातो. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात फुलोऱ्याच्या सातव्या आठवड्यात झाडांना हळूहळू कोरडं पडू दिलं, साधारण ११ दिवस, झाडातल्या पाण्याचा ताण ठरावीक पातळीला पोचेपर्यंत. त्या झाडांच्या फुलांत टीएचसी-आम्लाचं प्रमाण १२ टक्क्यांनी आणि सीबीडी-आम्लाचं १३ टक्क्यांनी जास्त आलं. पण तो एका वाणावरचा प्रयोग होता. मोठ्या कुंड्या होत्या, ताण सावकाश वाढवला होता, आणि झाडातल्या पाण्याची स्थिती प्रत्यक्ष मोजली जात होती. तुम्ही ठिबकचा कॉक बंद करणार आहात. छोट्या पिशवीतल्या कोकोपीटमध्ये ११ दिवसांचा ताण दोन दिवसांत बसतो, मुळांभोवतीच्या क्षारांची तीव्रता दुपटीला जाते, आणि तुमची झाडं आधीच तापलेली आहेत.

त्यात आणखी एक धोका. ताण दिलेल्या मादी झाडांवर नर फुलं निघू शकतात. रात्री प्रकाश गळत असेल तर शक्यता अजून वाढते. पराग सुटले की बी धरतं, आणि बी धरलं की कॅनाबिनॉइड घटतात आणि टर्पीनचा नकाशा बदलतो. २०२१ मध्ये नेमकं हेच मोजून दाखवलं गेलं. राळ वाढवायला म्हणून दिलेला ताण असा उलटा बसलेला मी वारंवार पाहिला आहे. तुमच्या फुलांत मधूनच केळीच्या घडासारखे पिवळे परागकोश दिसतात का, हे नकाशा काढतानाच बघून घ्या.

खतांचं त्या मानानं सोपं आहे. नत्र जास्त झालं की कॅनाबिनॉइड आणि टर्पीन दोन्ही कमी होतात. नत्राची मात्रा ३० पासून ३२० मिलिग्रॅम प्रति लिटरपर्यंत वाढवत नेलेल्या प्रयोगात टीएचसी-आम्ल आणि सीबीडी-आम्ल उतरत गेलं. पण नत्र फार कमी ठेवलं तर फूलच कमी येतं. दोन्हीचा मेळ १६० मिलिग्रॅमच्या आसपास बसला. फुलोऱ्याच्या मध्यावरही झाड गर्द, काळपट हिरवं असेल आणि पानांची टोकं खाली वाकलेली असतील, तर नत्र कमी करा. स्फुरदाच्या बाबतीत तर बाजारानं सरळ दिशाभूल केली आहे. २०२२ च्या अभ्यासात ३०, ६० आणि ९० मिलिग्रॅम प्रति लिटर स्फुरद देऊन पाहिलं, तर ना उत्पादन वाढलं ना गुणवत्ता. वाढलं ते निचऱ्याच्या पाण्यातून वाहून जाणारं स्फुरद. बूस्टर बंद करा असं सुरुवातीला म्हटलं ते म्हणूनच. ते पैसे तापमापकाला आणि चाचण्यांना लावा.

किडींपैकी इथं एकीबद्दलच लिहितो, कारण तिची लक्षणं नेमकी तुम्ही सांगितल्यासारखी दिसतात. कॅनाबिसवर येणारा रसेट कोळी साधारण ०.२ मिलिमीटरचा असतो, नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, जाळं विणत नाही. फिकट, गाजराच्या आकाराचा, पायांच्या दोनच जोड्या. पानांच्या कडा वर वळतात, खोड आणि देठ तांबूस-मातकट होतात, आणि फुलोऱ्यात तो थेट ग्रंथींवर जातो. लांबून बघणाऱ्याला वाटतं फुलं लवकर पिकली. भिंगाखाली दांड्यांच्या गर्दीत हलणारे पिवळसर ठिपके दिसले तर उलगडा झाला. या टप्प्यावर फुलांवर तेल, गंधक किंवा साबणाचं पाणी मारू नका. तेल ग्रंथींच्या आवरणाला चिकटतं, राळेत मिसळतं, आणि औषधी मालाच्या अवशेष चाचणीत तो माल नापास होतो. ग्रस्त झाडं पिशवीत बंद करून बाहेर काढा, आणि शिकारी कोळी पुढच्या पिकात रोपावस्थेपासूनच सोडा.

आता रंगाबद्दल, कारण कापणीचा निर्णय तुम्ही त्यावर घेणार आहात. पारदर्शक, मग दुधी, मग तांबूस हा क्रम खरा आहे. पण तो क्रम बघायचा छदांवर. फुलातून बाहेर डोकावणाऱ्या छोट्या पानांवरच्या ग्रंथी आधी तांबूस होतात, आणि त्या बघून कापणी केली की पीक आठवडाभर तरी कच्चं कापलं जातं. दुसरं म्हणजे वयानं तांबूस झालेलं डोकं गोल, भरलेलं, ताठ दांडीवर उभं असतं. इजेनं तांबूस झालेलं डोकं सुरकुतलेलं, एका बाजूला कललेलं, बऱ्याचदा दांडीही तपकिरी. सहाव्या आठवड्यातली तुमची तांबूस डोकी चपटी आहेत, म्हणजे ही पक्वता नाही. घाईनं कापणी करू नका. छदांवरच्या निरोगी ग्रंथी बहुतेक दुधी झाल्या की वरच्या आणि खालच्या फुलांचे वेगवेगळे नमुने प्रयोगशाळेत पाठवा. खालच्या, सावलीतल्या फुलांत कॅनाबिनॉइड कमी असतात, आणि सगळं एकत्र मिसळून पाठवलं तर दिव्यांनी वरच्या फुलांचं काय केलं हे कळणार नाही.

कापल्यानंतर ग्रंथी संपली असं समजू नका. १९९६ च्या एका अभ्यासात ताज्या फुलांतल्या सुगंधी तेलाशी तुलना केली, तेव्हा खोलीच्या तापमानाला एक आठवडा वाळवून ठेवलेल्या फुलांतलं ३१ टक्के, एक महिन्यानं ४४.८ टक्के आणि तीन महिन्यांनी ५५.२ टक्के तेल गेलेलं होतं. म्हणजे हरितगृहात चार महिने सांभाळलेलं वाळवणीच्या खोलीत आठवड्यात जाऊ शकतं. १५ ते १८ अंश, ५५ ते ६० टक्के आर्द्रता, अंधार, आणि फुलांना न हलवणारी मंद हवा, अशा स्थितीत दहा-चौदा दिवस लागतात, आणि ते लागू द्यावेत. साठवणुकीआधी वजनावरून ओलावा अजमावू नका, जलक्रियता, म्हणजे बुरशीला वापरता येईल असं मोकळं पाणी किती आहे, ते मोजा. जलक्रियता ०.५५ ते ०.६५ च्या दरम्यान हवी. वर गेली तर बुरशी, खाली गेली तर आवरणं ठिसूळ होऊन डोकी पिशवीच्या तळाशी भुकटीसारखी गोळा होतात. थंडीतही डोकी ठिसूळ होतात, म्हणून गोठवलेलं फूल हाताळू नका.

शेवटी मातृरोपं. काही झाडांवर ग्रंथी मुळातच विरळ आणि बारीक आहेत असं तुम्ही लिहिलंत. हे उष्णतेनं किंवा घासण्यानं होत नाही. हॉप लेटंट विरॉइड हा हॉप्समध्ये आधीपासून माहीत असलेला रोगकारक २०१९ मध्ये कॅनाबिसमध्ये आढळल्याचं प्रसिद्ध झालं. अवघ्या २५६ न्यूक्लिओटाइडचा, प्रथिनाचं कवच नसलेला आरएनएचा तुकडा. झाड महिनोन् महिने धडधाकट दिसतं आणि फुलोऱ्यात उघडं पडतं: फुलं लहान, फांद्या ठिसूळ, ग्रंथी कमी, वास फिका. तो पसरतो मुख्यतः कलमांतून आणि कात्रीवरच्या रसातून. एक बाधित मातृरोप आणि एक न धुतलेली कात्री मिळून पुढची सगळी पिकं बिघडवू शकतात. वर्षानुवर्षं ‘वाण थकला’ म्हणून जे सांगितलं जायचं, त्यातलं बरंच हेच असावं असं माझं मत आहे.

म्हणून प्रत्येक मातृरोपाच्या मुळाचा नमुना आरटी-पीसीआर चाचणीसाठी (हिच्यात विरॉइडचा आरएनए शोधतात) पाठवा. विरॉइड मुळांत जास्त सापडतो, नुसतं पान पाठवलं तर बाधित झाडही निर्दोष ठरू शकतं. कात्र्या अल्कोहोलनं पुसून भागत नाही. एक भाग ब्लीच नऊ भाग पाण्यात मिसळून त्यात बुडवा, आणि दोन-तीन कात्र्या आलटून पालटून वापरा म्हणजे प्रत्येकीला बुडून राहायला वेळ मिळेल. ज्या कलमांवर विरळ ग्रंथी दिसल्या त्यांच्या मातृरोपांना आत्ताच वेगळ्या जागी हलवा, आणि चाचणीचा अहवाल येईपर्यंत त्यांच्यावरून एकही नवं कलम घेऊ नका.